गिरणीच्या डब्यात भरलेली विलायती मैफल

माझा मामा साचेखात्यात होता. साचा म्हणजे माग, आणि साचेखातं म्हणजे असे शेकडो माग एका छपराखाली एकाच वेळी खडखडतात ती जागा. तिथे पाच वर्षं काढली की माणसाचे कान निवृत्त होतात. मामाने बावीस काढली होती. काळाचौकीच्या आमच्या चाळीत त्याच्याशी बोलायच्या दोन पद्धती होत्या. एक, समोर उभं राहून ओठ नीट हलवायचे, कारण साचेवाले ओठ वाचतात. दुसरी, लालबागच्या नाक्यावर जाऊन ओरडायचं, म्हणजे त्याला ते कुजबुजल्यासारखं ऐकू यायचं. मामी दुसरी पद्धत घरातूनच वापरायची. त्यांचं एक भांडण भोईवाड्याच्या कोर्टापर्यंत ऐकू गेलं आणि तिथल्या साहेबांनी चालू खटल्याला तारीख दिली, असं मी म्हणतो. मामी म्हणते, मी काहीही म्हणतो.

अशा माणसाला गाण्याचं वेड असावं ही देवाची चेष्टा. भजनाला तो पहिल्या रांगेत बसायचा, पेटीवाल्याची बोटं बघून मान डोलवायचा, आणि अभंग संपून प्रसाद वाटायला लागले तरी डोलत राहायचा.

मी तेव्हा गिरगावात एका दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. कॉलेजातली केसाळ पोरं आपली मशिनं आणून टाकायची, आणि बहुतेकांच्या पोटात एखादी विलायती रॉकची कॅसेट अडकलेली असायची. एका रविवारी मामा दुकानात आला तेव्हा मी असंच एक मशीन लावून बघत होतो. मामाने सवयीने स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला, जसा तो साच्यावर ठेवायचा, काही बिघडलंय का ते तळव्याने बघायला. हात तिथेच राहिला. कॅसेटची पूर्ण बाजू संपेपर्यंत राहिला. मग तो म्हणाला, "ह्येच्यात साचो चलता रे."

त्या दिवसापासून मामा बिघडला. कान गेल्यापासून पहिल्यांदा त्याला वाजवणाऱ्याची बोटं न बघता गाणं ऐकू आलं होतं. बँडची नावं त्याला कधी पाठ झाली नाहीत. त्याने त्यांची कापडांत वाटणी करून टाकली. ड्रम दणदणीत असला की तो लठ्ठा. गिटार गुळगुळीत असली की पॉपलीन. एक बँड फारच हळू आणि लांबलचक वाजवायचा, त्याला तो मलमल म्हणायचा, आणि मलमलीला किंमत फार पण टिकाऊ नाही असा शेरा मारायचा. पुढे मी या धंद्यात जाणकार म्हणवणारे पुष्कळ पाहिले. एकालाही इतकं नेमकं बोलता आलं नाही.

मग संप आला. पहिले काही महिने सगळी चाळ वाट बघत होती, नंतर वाट बघायची सवय झाली. बायकांनी खानावळी चालवल्या, पुरुष मिळेल ते करायला लागले. आमच्या मजल्यावर संपाच्या कमिटीचा एक माणूस राहायचा. साताऱ्याकडचा, छाती अशी की शर्टाची बटणं दर महिन्याला शिवावी लागत. पुढे तो चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष झाला, म्हणून त्याला मी आत्तापासूनच अध्यक्ष म्हणतो. गिरणीच्या फाटकावर घोषणा द्यायचं काम त्याचं. त्याने घोषणा दिली की समोरच्या इमारतीतली कबुतरं बोनस मागायची. जो कोणी स्वतःच्या खिशासाठी फाटकावरचा पहारा सोडील तो गद्दार, हे वाक्य त्याने चाळीच्या जिन्यात इतक्यांदा म्हटलं होतं की जिना उतरताना ते आपोआप ऐकू यायचं.

त्याच दिवसांत मुंबईत एक विलायती बँड आला. समुद्राकडच्या एका मैदानात कार्यक्रम होता. आवाजाच्या व्यवस्थेत मी होतो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर रंगमंचामागे एक ढिला प्लग होता आणि तो तीन तास हाताने दाबून धरायचं काम माझ्याकडे होतं. त्याच्या बदल्यात एक पास मिळाला. तो मी मामाला दिला, आणि वर एक जबाबदारी दिली: कार्यक्रम टेप करून आणायचा.

रेकॉर्डर आत नेऊ देत नसत. मामाने आपला गिरणीचा तीन खणी डबा काढला. खालच्या दोन खणांच्या मधला तळ कापून तिथे मी चपटं मशीन बसवलं, वरच्या खणात माइक. माइक हलून खडखडू नये म्हणून मामाने त्याला सुताच्या गुंत्यात असा गुंडाळला की बाळंतिणीचं पोर इतकं उबेत नसेल. वर झाकण म्हणून मामीने दोन चपात्या ठेवल्या. मामी म्हणते, एकच होती, आणि तीही शिळी.

संध्याकाळी मामा डबा घेऊन जिना उतरला. आणि इथेच घोटाळा झाला. संपात गिरणी कामगार डबा घेऊन संध्याकाळी बाहेर पडला तर चाळ काय समजेल? मी मशीन बसवलं, मामाने सूत गुंडाळलं, मामीने चपाती ठेवली, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हाच डबा घेऊन मामा बावीस वर्षं पाळीला जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षाने नळावर सांगितलं की काल संध्याकाळी तो स्वतः मागच्या फाटकावर पहाऱ्याला उभा होता, आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी मामाला मागच्या दारातून गिरणीत जाताना पाहिलं. हातात डबा होता.

मामाने सगळ्यांना सांगितलं की मी गाणी ऐकायला गेलो होतो. कसली गाणी? इंग्लिश. नळावरच्या बायका इतक्या हसल्या की दोन कळश्या भरून वाहिल्या. मामाला चाळीतलं भजन ऐकू येत नाही आणि हा इंग्लिश गाणी ऐकतो? मी साक्ष द्यायला पुढे झालो. पण एक तर मी भाचा, आणि त्यातून माझी ख्याती. शिवडीच्या खाडीत माझ्या कर्ण्याच्या आवाजाने बोंबील आपणहून किनाऱ्यावर आले, हे मी आदल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यातलं निम्मं खरं होतं. पण कोणतं निम्मं, हे चाळीला ठरवता येईना.

शेवटी मामाने हुकमाचा पत्ता काढला. कॅसेट. रविवारी सकाळी सगळी चाळ गॅलरीत जमवली, मी मशीन कठड्यावर ठेवलं आणि बटण दाबलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मशीनमधले सेल जुने होते, कारण नवे आणायची ती वेळ नव्हती. सेल मंद असले की टेप हळू फिरते, आणि मग ती चांगल्या सेलवर वाजवली की सगळं भरधाव पळतं. त्यात माइकभोवती अर्धा शेर सूत. त्या मशिनातून जे बाहेर आलं त्यात गाणं नव्हतं, माणूस नव्हता. होती ती फक्त एक वेगवान, दबलेली, न थांबणारी खडखड. खटखट-खटखट-खटखट. ऐकणाऱ्यांत चाळीस तरी साचेवाले आणि सूत भरणारे कांडीवाले होते. दोन मिनिटं सगळे शांत ऐकत होते. काहींचे डोळे भरून आले, कारण कित्येक महिन्यांत तो आवाज कानावर पडला नव्हता. मग एक म्हातारा जॉबर, म्हणजे साचेवाल्यांचा मुकादम, म्हणाला की हे तर साचेखातं आहे, आणि डावीकडच्या कोपऱ्यातल्या मागाचा पट्टा ढिला आहे हेही ऐकू येतंय.

झालं. निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून मामाने आपल्या हाताने गिरणीत गेल्याचा पुरावा वाजवून दाखवला होता.

कोणी त्याला मारलं नाही, वाळीतही टाकलं नाही. आमची चाळ तेवढी शिस्तीची नव्हती. एकच गोष्ट काढून घेतली. चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान मामाचा होता. आमच्या कोकणात देवाला मागणं असं गुपचूप मागत नाहीत. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणते. मामाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्याचं गाऱ्हाणं थेट कैलासापर्यंत जायचं. त्या वर्षापासून गाऱ्हाणं अध्यक्षाकडे गेलं. तो कागद घेऊन उभा राहायचा आणि सभेत ठराव मांडावा तसं मागायचा. देव अनुमोदनाची वाट बघतोय असं वाटायचं. मामा मागे, खांबाजवळ उभा राहायचा आणि ओठ वाचायचा. "व्हय म्हाराजा" तोही म्हणायचा, पण एक क्षण उशिरा.

असं तीस वर्षं चाललं. संप कधी संपला ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. माझ्या दुकानाच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं, आणि मी घरी बसून संगणकावर जुन्या टेपा स्वच्छ करायला लागलो. जगभरात माझ्यासारखे वेडे आहेत. कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी कोटाच्या बाहीत माइक लपवून प्रेक्षकांतून कुठलासा कार्यक्रम टेप केलेला असतो. ती टेप बुरशी पुसून, नव्या खोक्यात बसवून, वेग नीट करून, खरखर काढून आम्ही एकमेकांना पाठवतो. पैसा कोणी घेत नाही. घेतला असता तर बायकांनी एवढं मनावर घेतलं नसतं.

मग चाळ पाडायची नोटीस लागली. गणपतीनंतर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. म्हणजे हा चाळीतला शेवटचा गणपती. मामी सामान आवरत होती, आणि ट्रंकेच्या तळाशी ती कॅसेट निघाली. मामा ती घेऊन माझ्याकडे आला. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, कानाला यंत्र, तेही खिशात. त्याला फार काही नको होतं. चाळ पडायच्या आत आपण गिरणीत गेलो नव्हतो हे चाळीने कबूल करावं, आणि शेवटचं गाऱ्हाणं आपण घालावं.

मी बाह्या सरसावल्या. फीत खोक्याला चिकटली होती, ती सोडवायला तीन दिवस लागले. मामीच्या पातोळ्यांच्या हळदीच्या पानातून ती वाफवून काढली असं मी मित्रांना कळवलं, आणि तिकडे परदेशात दोघांनी ते खरंच करून बघितलं. त्यांच्या टेपांना वास चांगला येतो म्हणतात. मग ती संगणकात उतरवली. आता वेग. किती हळू करायची? तो बँड कुठल्या पट्टीत वाजवत होता हे माहीत असेल तर जमतं, पण माझ्या डोक्यात त्या संध्याकाळचा फक्त प्लग होता.

मामाने यंत्र खिशातच ठेवलं आणि स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवला. मी वेग कमी करत गेलो. तो मान हलवत राहिला. अजून. अजून थोडं. थांब, मागे घे. जरासं पुढे. मग त्याचा पाय आपोआप हलायला लागला, साच्याच्या पायपट्टीवर हलावा तसा, आणि तो म्हणाला, आता बरोबर चाललाय. मी नंतर टेपमधल्या विजेच्या गुणगुणण्यावरून ताडून पाहिलं. केसाचाही फरक नव्हता. इथे मी अतिशयोक्ती करत नाहीये, हे मुद्दाम सांगतो, कारण वाचणाऱ्याला आता फरक कळेनासा झाला असेल.

पुढचे दहा दिवस मी माझी सगळी विद्या पणाला लावली. सुतामुळे दबलेले वरचे आवाज उचलले. खरखर काढली. खोकले काढले, शिट्ट्या काढल्या, टाळ्या मऊ केल्या, शेजारची बडबड एकेक अक्षर निवडून काढली, तांदळातले खडे काढावे तशी. शेवटी गिटार अशी लखलखली की बँडवाल्यांनी ऐकलं असतं तर आपण इतकं चांगलं वाजवलं होतं यावर त्यांचाच विश्वास बसला नसता.

मामाला बोलावलं, कानात यंत्र घालायला लावलं, मोठे हेडफोन चढवले. मामीही आली होती, सोबत निवडायला आणलेली मेथी घेऊन. मामाने पहिलं गाणं पूर्ण ऐकलं. चेहरा खुलला. दुसरं ऐकलं. मग हेडफोन काढले.

"ह्येच्यात मी खय आसय?"

मी म्हटलं, तू कशाला असशील, हा बँड आहे.

"लोक काढून टाकलस," तो म्हणाला. "मगे मी थय होतंय म्हणून कोण म्हणतलो?"

मेथी निवडता निवडता मामी माझ्याकडे जे काही बघत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीस वर्षं ज्या पुराव्याची वाट बघितली तो मी खडे समजून वेचून फेकून दिला होता. माझ्या विद्येचा एवढा नेमका अपमान आजवर कोणी केला नाही, आणि तो मीच केला होता.

नशीब, मूळ प्रत ठेवली होती. वेग तेवढा बरोबर केला, बाकी सगळी खरखर, खोकले, शिट्ट्या परत आत घेतल्या. स्पीकरवर लावलं. आता गर्दी माणसांसारखी बोलत होती. दुसऱ्या गाण्यानंतर बँड सूर लावत होता, तेवढ्या शांततेत मामाचा आवाज आला. चूक व्हायला वावच नव्हता. स्वतःचं ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात, मालवणीत, तो कोणाला तरी सांगत होता की तुझे चणे मऊ पडलेत.

मामाने दोन्ही हात वर केले. तीस वर्षांचा खटला निकालात निघाला होता. मी टाळी द्यायला उठलो.

"थांब," मामी म्हणाली. "मागे घे."

मी मागे घेतलं. मामाच्या वाक्याआधी चणेवाल्याची हाळी होती. गरम चणे. पहिला शब्द छाती फुगवून, दुसऱ्याचं शेपूट ओढून लांब. मामीने आणि मी ती ओढ हजार वेळा ऐकली होती, पण तिच्या आधी चण्यांचं नाव कधी नव्हतं. घोषणा असायची. कॅसेट पळत होती तोवर तो आवाज चिमणीचा होता. वेग बरोबर झाला तसा तो शर्टाची बटणं तोडत बाहेर आला.

मामी हळू म्हणाली, "हो आमचो अध्यक्ष."

मग सगळं आपोआप जुळत गेलं. फाटकावरचा पहारा सोडणाऱ्याला गद्दार म्हणणारा माणूस पहारा सोडून चणे विकायला गेला होता. अंधारात गिऱ्हाईक म्हणून पुढ्यात आला तो शेजारचा साचेवाला. अध्यक्षाने ओळखलं, आणि आपल्यालाही ओळखलंय असं धरून चालला. मामाने काही सांगायच्या आत त्याने नळावर सांगून टाकलं. मी फाटकावर होतो आणि हा गिरणीत गेला: एकाच वाक्यात स्वतःचा बंदोबस्तही आणि दुसऱ्याचाही. इकडे मामाने अंधारात ना चेहरा पाहिला होता, ना आवाज ऐकला होता. त्याला फक्त चणे आठवत होते.

मी म्हटलं, उद्या गॅलरीत कर्णे लावतो. चार लावतो. प्रभादेवीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. मामी म्हणाली, आठ लाव. मामाने उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, त्याची पोरं तेव्हा लहान होती. आणि म्हणाला, त्याला एकट्याला बोलव.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष मामाच्या खोलीत आला. छाती आता पोटात उतरली होती, पण चालणं अजून फाटकावरचंच. मामाने त्याला खुर्ची दिली, मामीने चहा दिला, मी हेडफोन दिले. गणपतीत वाजवायला एक जुनी टेप सापडलीये, आवाज कसा वाटतो सांगा, एवढंच बोललो.

तो ऐकू लागला. बँड संपला, गर्दी आली. त्याची स्वतःची हाळी आली असेल तेव्हा चहाचा कप हवेत थांबला. पुढचं सगळं त्याला माहीत होतं, तरी तो ऐकत राहिला. घामाचा एक थेंब कानशिलावरून हनुवटीपर्यंत असा सावकाश उतरला की तेवढ्यात मी मामीचा चहा संपवला. मला वाटलं आता तो माफी मागेल, किंवा नाकारेल, किंवा खुर्चीवरून पडेल. मग मामाचं ते वाक्य आलं, आणि अध्यक्षाचे कान लाल झाले. त्याने हेडफोन ओढून काढले.

"मऊ नव्हते," तो म्हणाला. "दुपारी माझ्या बायकोनं भट्टीवर बसून भाजले होते. एक दाणा मऊ असेल तर मिशी उतरवीन."

कानावर हेडफोन बसले की माणूस किती मोठ्याने बोलतो हे त्याला कळत नाही, आणि काढल्यावरही पहिलं वाक्य त्याच आवाजात निघतं. त्याच्या छातीतून ते फाटकावरच्या पट्टीत निघालं. गॅलरीत पापड वाळत घालणाऱ्या सात बायका होत्या, आणि त्या संध्याकाळचे मऊ चणे मामाने त्यांना तीस वर्षं ऐकवले होते. तीस वर्षांत त्या चाळीत एवढी शांतता मी ऐकली नव्हती.

आपण काय बोललो ते ऐकून अध्यक्षाने कप खाली ठेवला. मामाने त्याचे ओठ वाचले होते. पुढे होऊन त्याने चहाचा कप परत त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "निवाला तो. दुसरो करूक सांगतंय."

चहा दोनदा झाला. आत काय बोलणं झालं ते मी सांगत नाही, कारण मामीने मला पापड उलटवायला बाहेर पाठवलं होतं. बाहेर येताना अध्यक्षाने एकाच गोष्टीचा हट्ट धरला: कार्यक्रमाची टेप बाहेर पाठवायची तर चण्यांबद्दलचं ते वाक्य काढ. मी म्हटलं, काढता येत नाही, तंत्र तेवढं पुढे गेलेलं नाही. हे मी आयुष्यात बोललेल्या खोट्यांपैकी सर्वांत छोटं.

गणपतीच्या पहिल्या दिवशी आरती झाली. अध्यक्षाने खिशात हात घातला, सवयीने. कागद काढला नाही. वळून म्हणाला, "साचेवाले, या पुढे." मामा खांब सोडून पुढे आला आणि देवाकडे बघून त्याने छाती भरून घेतली.

तीस वर्षांचं तुंबलेलं होतं. त्याने चाळीतल्या प्रत्येक खोलीसाठी मागितलं. जे गेले त्यांच्यासाठी, जे गावी परतले त्यांच्यासाठी, जे मनोऱ्यांत वॉचमन झाले त्यांच्यासाठी. प्रसादाचे मोदक थंड झाले. "व्हय म्हाराजा" म्हणून म्हणून लोकांचे घसे बसले, तशी मामीने सगळ्यांना खडीसाखर वाटली. शेवटी मामा थांबला असं वाटलं आणि लोक पाया पडायला वाकले, तेवढ्यात त्याने पुन्हा हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ज्या कोणी संपात पोरांच्या पोटासाठी चणे इकले, त्येच्यावर तोंड लपवूची पाळी पुन्ना हाडू नको रे म्हाराजा."

सगळी चाळ म्हणाली, व्हय म्हाराजा.

"आणि ते चणे मऊच होते, ह्या त्येका एकदा कबूल करूक लाव रे म्हाराजा."

चाळीने पुन्हा एकदिलाने होकार दिला. माझ्या शेजारी अध्यक्ष उभा होता. देवापुढचं गाऱ्हाणं, त्याला नाही म्हणता येत नाही. त्याने मिशीवरून हात फिरवला, इकडे तिकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या नंतर, एक क्षण उशिरा, पुटपुटला, "व्हय म्हाराजा."

मामाने ते ओठांवरून वाचलं.